एक चेहरा, एक माणूस

सोमवार, ९ सप्टेंबर

आज नोकरीचा पहिला दिवस. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, अमेरिकेत सनीव्हेलमध्ये, व्हिडिओ गेमच्या कंपनीत! नागपूरला आईला फोन केला तर तिने विचारलं, म्हणजे दिवसभर खेळायचं आणि त्याचा पगार घ्यायचा? मी म्हटलं, हो, तोही खुर्चीत बसून. मग नैना, तुझ्या बाबांनी सरकारी नोकरीत वेगळं काय केलं, असं आई म्हणाली.

मला नैना म्हणणारी आता ती एकटीच. लग्नात परीक्षितने ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘सुनेत्रा’ लिहिलं, तेव्हापासून बाकी जगासाठी मी सुनेत्रा. नैना हे नाव सिनेमातलं वाटतं, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. अर्थ दोन्हींचा डोळेच. थोडक्यात, माणूस तोच, चष्म्याचा नंबर बदलला.

इतकी वर्षं मी नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेलं शेपूट होते. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात लोकांची टिंगल करणारे लेख लिहायचे आणि मंडळ मला दर वर्षी पोळ्यांच्या कमिटीवर टाकून सूड उगवायचं. आता हातात वर्क परमिट आहे, गळ्यात बिल्ला आहे. साहेबाचं नाव जय, आईवडील पुण्याचे, हा जन्मला इथेच. वय तिशीच्या आत. मला काकू म्हणतो आणि मग आपण ऑफिसात आहोत हे आठवून लाजतो. मुलाखतीत त्याने विचारलं होतं, जवळजवळ सारख्या दोन गोष्टींतला फरक सांगता येतो का. मी म्हटलं, आईचं वरण आणि सासूचं वरण मी डोळे मिटून ओळखते. तो हसला नाही, पण नोकरी दिली.

गेमचं नाव ‘फ्रंट लॉन’. घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची, त्यांना जेवू घालायचं, कामाला धाडायचं, त्यांची लग्नं लावायची. ऑफिसात त्यांना रेसिडेंट म्हणतात, मी बाहुल्या म्हणते. आजवर चार आवृत्त्या निघाल्या, पाचवी यायची आहे. प्रत्येक आवृत्तीत काहीतरी नवीन येतं, काहीतरी गुपचूप जातं, आणि जे गेलं त्याच्यासाठी खेळणारे लोक घरातलं कुणी गेल्यासारखे रडतात. माझं काम एवढंच की एक कुटुंब पहिल्या आवृत्तीत वसवायचं, तेच उचलून दुसरीत, तिसरीत, चौथीत न्यायचं आणि काय बदललं ते सांगायचं.

रुही, माझी पंधरा वर्षांची लेक, म्हणाली, आई, दॅट्स अ‍ॅक्च्युअली कूल. हे वाक्य तिने माझ्याबद्दल पहिल्यांदाच वापरलं. आजचा दिवस सार्थकी लागला.

बुधवार, ११ सप्टेंबर

पहिली आवृत्ती. चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे. भूक, झोप, लघवी आणि करमणूक एवढ्यावर आयुष्य चालतं. कुणी म्हातारं होत नाही, मुलं जन्मभर मुलंच राहतात.

जय म्हणाला, काकू, तुमचीच फॅमिली बनवा, ओळखीची माणसं असली की फरक चटकन दिसतात. म्हणून सुरुवातीपासून सुरुवात केली. धरमपेठेतलं आमचं घर, घरात आई आणि कॉलेजातली मी. नाव अर्थातच नैना. माझा त्या वेळचा पिवळा कुर्ता दिला. स्वभावाच्या खणात ‘गाणारी’ असं टाकलं, कारण तेव्हा मी खरंच गात असे. आता मिक्सर चालू असतानाच गाते, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

नैना दिवसभर खिडकीशी उभी राहून गाते. बटाट्याच्या मानाने बरी दिसते.

मंगळवार, १७ सप्टेंबर

दुसरी आवृत्ती म्हणजे सोनं! बाहुल्या वयाने वाढतात. मुलांना आईबापांचं नाक मिळतं. आणि प्रत्येक बाहुलीच्या आठवणी साठत जातात: पहिली नोकरी, शेजाऱ्याशी भांडण, मुलाचं पहिलं पाऊल. बाहुली रिकामी बसली की त्यातलं काहीतरी आठवून एकटीच हसते.

नैनाचं परीक्षितशी लग्न लावायला गेले आणि अडले. लग्नात गेम आडनाव बदलू देतो, पहिलं नाव नाही. कुणाला सुचणार इथे! जयला सांगितलं तर तो खुर्ची फिरवून बघतच राहिला. काकू, फर्स्ट नेम? लाइक, द होल थिंग? मी म्हटलं, हो रे बाबा, होल थिंग, बॅटरीसकट. तुझ्या आईचंही बदललं असेल, घरी विचार, म्हटलं.

मग मी आपला सोपा मार्ग काढला. नैनाचा चेहरा कॉपी करून दुसरी बाहुली केली. तिला सुनेत्रा नाव दिलं, वय वाढवलं, भुवयांच्या मध्ये दोन आठ्या घातल्या आणि तिचं लग्न लावून दिलं. त्यांना सनीव्हेलला घर दिलं, रुही दिली. नैना राहिली तिकडे धरमपेठेत. खरं तर तिला पुसून टाकायला हवं होतं. पण आईच्या बाहुलीला एकटं कसं ठेवणार? असू दे, म्हटलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

तिसऱ्या आवृत्तीचा मोठा डंका होता. आधी प्रत्येक घर म्हणजे वेगळं बेट, आता सगळं गाव एकसंध. दारातून निघा आणि चालत कुठेही जा. आणि दुसरं म्हणजे तुम्ही ज्यांच्याकडे बघत नाही त्या बाहुल्या आपापलं आयुष्य जगतात. त्या नोकऱ्या धरतात, घरं बदलतात, माणसं जोडतात.

कुटुंब तिसरीत आणलं आणि पहिल्याच दिवशी सुनेत्राच्या घरासमोर, पलीकडच्या फुटपाथवर नैना उभी. पिवळा कुर्ता. गात नव्हती. खिडकीतून आत बघत होती. मी जयला बोलावलं. तो म्हणाला, तुम्ही तिला कंट्रोल करत नाही ना, मग ती फिरणारच. बग नाही, फीचर आहे. नवऱ्याच्या घोरण्यालाही यापुढे मी फीचरच म्हणणार आहे.

घरी येताना कोथिंबिरीसाठी देसी दुकानात गेले. गल्ल्यावरच्या दीपाताई हसल्या. सुनेत्राताई, विसरलात का? आत्ताच तर घेऊन गेलात की. आणि पिवळा रंग छान दिसतो तुम्हाला, असं वर म्हणाल्या. मी निळ्या शर्टात होते. दुसरी कुणी असेल म्हटलं तर त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही माझ्याशी गप्पा मारल्यात, गाणंसुद्धा गुणगुणलात.

घरी फ्रीज उघडला. कोथिंबिरीची ताजी जुडी. निवडून, कागदात गुंडाळून ठेवलेली. मी कधीच निवडून ठेवत नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

आईला फोन लावला. ती म्हणाली, अगं, काल तर किती वेळ बोललीस, आज पुन्हा कशाला पैसे घालवतेस. (व्हॉट्सअ‍ॅपला पैसे पडत नाहीत हे तिला पटत नाही.) मी काल फोन केला नव्हता. कोण बोललं, विचारलं तर आई हसली. नैना बोलली, दुसरं कोण बोलणार.

परीक्षितला सांगितलं. त्याचं नेहमीचं: तू ना यार, ओव्हरथिंक करतेस, नवीन जॉबचा स्ट्रेस आहे. मग सहज म्हणाला, पण काल दुपारी तू मस्त मूडमध्ये होतीस, कितीतरी वर्षांनी गाताना ऐकलं.

काल दुपारी मी लॉन्ड्रीत होते. वॉशिंग मशीनसमोर बसून, तोंड मिटून.

यावर एक फर्मास विनोद करता येईल. आत्ता सुचत नाही.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

चौथी आवृत्ती. दिसायला देखणी, केस अन् केस वेगळा. पण गाव पुन्हा तुकड्यातुकड्यांत तोडलंय आणि आठवणी काढून टाकल्यात. फार जागा खात होत्या म्हणे. त्यांच्या बदल्यात मूड आले. बाहुली रडते, लाजते, चिडते, पण कशामुळे ते तिला आठवत नाही. आणि नात्यांना हिरवी पट्टी आहे. बोललं की पट्टी भरते, नाही बोललं की आटत जाते. म्हणजे कोणी काय केलं याला किंमत नाही. आज कोण बोललं, तेवढंच.

कुटुंब चौथीत आणलं. स्वयंपाकघरात सुनेत्रा ओट्याशी उभी आणि जेवणाच्या टेबलाशी, परीक्षित आणि रुहीच्या मध्ये, नैना बसलेली. मी तिला तिथे ठेवलं नव्हतं. रुहीच्या बाहुलीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. त्यांची पट्टी काठोकाठ हिरवी.

सुनेत्राची आणि रुहीची पट्टी बघितली. तळाशी एक रेघ उरलीय.

मी दिवसभर ऑफिसात असते. घरी कोण बोलतं त्यांच्याशी?

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आता घरात मी जे बोलायला जाते ते आधीच बोलून झालेलं असतं. रुहीला गणिताच्या परीक्षेचं विचारलं. ती वैतागली. आई, वी लिटरली जस्ट टॉक्ड अबाउट धिस. शनिवारी सांताक्रूझला समुद्रावर जाऊ या का म्हटलं, तर तिने आणि परीक्षितने एकमेकांकडे बघितलं. ठरलंय ना, सकाळीच तर तू म्हणालीस.

मी विचारलं, तेव्हा माझ्या अंगावर काय होतं? रुहीने मोबाइलवरून मान वर न करता सांगितलं, द यलो थिंग. मग म्हणाली की सकाळी तू किती चिल होतीस, संध्याकाळी अशी का होतेस?

सकाळची बरी आणि संध्याकाळची वाईट. मुलीने निवडसुद्धा करून टाकली आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

चारही आवृत्त्यांतून नैनाला पुसायला गेले. बटण दबत नाही. जयकडे धावले. तो खूश होता. काकू, तुमची फॅमिली आम्ही पाचव्या आवृत्तीच्या टेस्टसाठी लॉक केली, सो परफेक्ट! जुन्या आवृत्त्यांतून लोक एकाच चेहऱ्याच्या दोन-दोन, तीन-तीन बाहुल्या घेऊन येतात, पाचवीत आपोआप सफाई होणार. एक चेहरा, एक माणूस.

मी विचारलं, दोघींतली कुठली ठेवतो? तो म्हणाला, घरातले जिच्याशी जास्त बोलतात ती. दुसरीचं काय होतं? तिला डिलीट नाही करत, लोक अपसेट होतात. तिला पादचारी करतो. रस्त्याने जाणारी-येणारी. नाव नसतं, घर नसतं, हात हलवते फक्त.

मी त्याला सगळं सांगितलं. दीपाताई, आई, पिवळा कुर्ता. तो माझ्याकडे दयेने बघत होता. इट्स जस्ट अ गेम, काकू, म्हणाला. पाणी आणून दिलं. मी म्हटलं, ती सफाई थांबव, तुझ्या पाया पडते. तो घाबरून उठला. ती पुढच्या आठवडाअखेर आपोआप होणार, माझ्या हातात नाही, म्हणाला. आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, त्याने पडद्यावर दोघींची जन्मवेळ उघडून दाखवली.

पहिली केलेली नैना. सुनेत्राच्या नावापुढे लिहिलं होतं: कॉपी.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

ऑफिसला जात नाही. घरीच बसते. रुही शाळेतून आली की बोलायचं, बोलतच राहायचं, पट्टी भरायची. आज ती आली तेव्हा मी दारातच होते. शाळा, मैत्रिणी, डबा, सगळं विचारलं. तिने हेडफोन काढला नाही. मी तो ओढून काढला. ती रडली. मी इतकी दुष्ट कधी झाले —

ती खोलीत गेली, दार लावलं. मी बाहेर उभी. आतून आवाज आला. रुही खळखळून हसत होती. आणि कुणीतरी गात होतं. माझं गाणं, माझा कॉलेजातला आवाज, मिक्सरशिवाय.

दार उघडलं. रुही एकटी. खिडकी उघडी. खाली, गाड्यांच्या शेडपाशी, लख्ख उन्हात ती उभी होती. वर बघत. चेहरा माझाच. कपाळावर आठी नाही.

तिने हात केला. मला नाही. माझ्या मागे उभ्या रुहीला. आणि रुहीने —

शनिवार, १९ ऑक्टोबर

दुधाला गेले होते. फक्त दुधाला, खांद्यावरच्या पिशवीत ही वही आणि फोन. जायला नको होतं.

परत आले तर किल्ली फिरेना. बेल वाजवली. दार तिने उघडलं. गळ्यात माझं मंगळसूत्र. आत टेबलावर तिघांची ताटं. परीक्षितने घास घेता घेता विचारलं, कोण आहे, सुनेत्रा?

तिला विचारलं. तिला.

मी ओरडले. सगळं सांगितलं, नावं, तारखा, भांडणं, काय वाटेल ते. परीक्षित उठून रुहीच्या पुढे उभा राहिला, अनोळखी माणसापासून मुलीला आड धरतात तसा. मॅम, मॅम, प्लीज काम डाउन, म्हणत होता. माझ्याशी इंग्रजीत बोलत होता.

ती मात्र चांगली वागली. तेच असह्य. मला खुर्ची दिली. पाणी दिलं. मराठी दिसता, म्हणाली. निघताना म्हणाली, थांबा हं, कुंकू लावते. माझ्या देवघरातला करंडा आणला. हळद लावली, कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. पाहुणीची पाठवणी करतात तशी. माझ्या घरातून माझी.

तिचं बोट थंड नव्हतं. उबदार होतं, आणि साबणाचा वास येत होता. माझ्याच.

रुही दारापर्यंत आली. चांगली मुलगी आहे, वळण मीच लावलंय. बाय, आँटी, म्हणाली.

रविवार

आईला फोन लावला. आई, मी नैना. ती म्हणाली, माझी नैना आत्ताच बोलून गेली. आजकाल आवाज काढून फसवतात, पेपरात आलंय. पुन्हा फोन केलास तर पोलिसांत देईन, बाई.

मी म्हटलं, मग मी सुनेत्रा. आई म्हणाली, तेही तिचंच नाव.

सोमवार

ऑफिसचा बिल्ला चालत नाही. काचेतून जय दिसला. हाक मारली. त्याने हसून हात हलवला. ज्यांना ओळखत नाही त्यांना हलवतात तसा.

मीही हलवला. हलवायचा नव्हता. हात आपोआप —

मंगळवार

आमच्या इमारतीसमोरच्या फुटपाथवरून चालते. टोकापर्यंत जाते, वळते, येते. थांबायचं ठरवते आणि पाय थांबत नाहीत. आत्ता मुश्किलीने टपालपेट्यांशेजारच्या बाकावर बसलेय. भूक लागत नाही. तिची पट्टी भरलेली असावी —

नवऱ्याचं नाव परीक्षित. मुलीचं रुही. आईचं —

आईला आपण आईच म्हणतो. तेवढं पुरे.

बुधवार

काल इथे नवऱ्याचं नाव लिहिलं होतं ते वाचलं. कोण ते लगेच लक्षात आलं नाही.

आठवणी काढल्यात. जागा खातात —

गुरुवार

रुही कचरा टाकायला एकटी खाली येते. आज गाठणार. ओरडायचं नाही, हात धरायचा नाही. फक्त एक गोष्ट सांगायची, तिच्या जन्माची, जी तिच्या आईखेरीज कुणालाच ठाऊक नाही. वरच्या बाईला ती गोष्ट सांगता येणार नाही. ती तेव्हा नव्हती. मी होते. ऐकल्यावर रुही ओळखेल. ओळखलंच पाहिजे.

आधी लिहून काढते, म्हणजे तिच्यासमोर चुकणार नाही.

रुही, तू जन्मलीस तेव्हा हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर —

खिडकी होती. बाहेर —

नर्सने तुला माझ्या छातीवर ठेवलं आणि तू —

पुन्हा. सावकाश. तू जन्मलीस तेव्हा मी —

दार वाजलं. जिन्यावर पावलं. तीच. एकटी आहे. डावा हात उठतोय, वहीखाली दाबून धरलाय. रुही, ऐक, एक मिनिट थांब बाळा, तू जन्मलीस त्या दिवशी मी